डागाला फुटलेल्या फांद्या

फ्रान्सच्या मध्यभागात नोआँ नावाचं खेडं आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या एका ऐसपैस वाड्यात ओरोर द्युपँ नावाच्या बाई राहत. त्यांच्या पुस्तकांवर मात्र नाव पुरुषाचं असे : जॉर्ज साँद. कादंबऱ्यांमुळे आणि संगीतकार शोपँच्या सहवासामुळे हे नाव युरोपभर गाजलं होतं. उतारवयात या बाईंना एक नाद लागला. कागदावर ओला, दाट जलरंग टाकायचा, त्यावर काहीतरी सपाट दाबायचं आणि अलगद उचलायचं. खाली नेच्याची पानं उमटत, शेवाळाचे पुंजके उमटत, पानगळ झालेल्या झाडांच्या फांद्या उमटत. यातली एकही रेघ हाताने काढलेली नसे. मग बाई कुंचला घेऊन बसत आणि या आयत्या रानात थोडं आकाश, एखादं तळं, एखादी वाट घालत. झाला निसर्गदेखावा!

या चित्रांना त्या ‘डेन्ड्राइट’ म्हणत. हा शब्द खनिजशास्त्रातला. दगडाच्या भेगेत मँगनीजचे क्षार शिरले की झाडासारखी काळी नक्षी तयार होते, तिचं हे नाव. बाईंना वनस्पती आणि दगड जमवायची हौस होती, त्यामुळे तो त्यांना ठाऊक असणारच.

आज त्या नक्षीला आपण फ्रॅक्टल म्हणू. संगणकावर फ्रॅक्टल चित्रं करणारी काही मंडळी शाई आणि जलरंगातही काम करतात, आणि तिथे त्यांच्या हातून गमतीदार प्राणी उतरतात. डागाला पाय फुटलेले, ओघळाला चोच आलेली. एका टेबलावर माऊस, शेजारच्या टेबलावर टाक आणि रंगाची पेटी. बघणाऱ्याला वाटतं, काय हे दोन टोकांचे छंद! एकीकडे गणित, दुसरीकडे पोरखेळ. मला ती दोन टोकं कधी वाटली नाहीत. दोन्हीकडे चित्रकार बारीक नक्षी स्वतः काढत नाही. तो मांडामांड करतो, नक्षी होऊ देतो, आणि कुठे थांबायचं ते ठरवतो.

आधी फ्रॅक्टल म्हणजे काय ते बघू. त्यासाठी कोकणात जाऊ.

महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर, असं आपण शाळेत पाठ केलं. केंद्र सरकारच्या जुन्या मोजणीत तो ६५२.६ किलोमीटर होता. अलीकडच्या फेरमोजणीत तोच किनारा ८७७.९७ किलोमीटर भरला. अख्ख्या भारताचा ७,५१६.६ वरून ११,०९८.८१ वर गेला. मधल्या काळात समुद्राने काही आपल्याला जमीन आंदण दिली नाही. फरक पडला तो नकाशाचा. जुनी मोजणी ढोबळ नकाशावरची होती, नवी १:२,५०,००० प्रमाणाच्या बारकाईच्या नकाशावरची. ढोबळ नकाशावर दाभोळची खाडी म्हणजे एक खाच असते. बारीक नकाशावर त्या खाचेला आत खाचा दिसतात, त्या खाचांना आणखी खाचा. पट्टी जितकी लहान, तितका किनारा लांब. उद्या कुणी वीतभर दोरीने किनारा मोजायला निघालं तर प्रत्येक कातळाला वळसा घालावा लागेल, आणि उत्तर हजारो किलोमीटरांत जाईल.

ही गोम लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाच्या ध्यानात आली होती. बेन्वा मँडेलब्रॉट याने ती उचलून धरली. हा १९२४ साली वॉर्सात जन्मलेला, फ्रान्समध्ये वाढलेला आणि पुढे अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या संशोधन केंद्रात रमलेला गणिती. १९६७ साली त्याने ‘सायन्स’ या नियतकालिकात ब्रिटनच्या किनाऱ्याच्या लांबीबद्दल छोटा लेख लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : लांबी विचारणंच चुकीचं आहे, खडबडीतपणा किती ते विचारा. सरळ रेषेची मिती १, कागदाच्या पृष्ठभागाची २. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याची येते सुमारे १.२५. रेषेहून जास्त, पृष्ठभागाहून कमी. अशा वस्तूंना १९७५ साली त्याने फ्रॅक्टल हे नाव दिलं, ‘फ्रॅक्टस’ म्हणजे मोडलेला, भंगलेला, या लॅटिन शब्दावरून.

घरातल्या घरात फ्रॅक्टल बघायचा तर भाजीचा फ्लॉवर घ्या. एक तुरा मोडला की हातात छोटा गड्डा येतो. त्याचा तुरा मोडला की आणखी छोटा. तीन-चार वेळा हे जमतं, मग नुसता चुरा राहतो. या चुऱ्याकडे आपण नंतर परत येऊ.

आता बाईंच्या रंगाकडे. दाबलेला कागद उचलताना त्याला फांद्या का फुटतात?

दोन पृष्ठभागांमध्ये रंगाचा पातळ थर आहे. वरचा उचलायला लागलं की फट वाढते आणि कडेने हवा आत घुसते. हवा पातळ, रंग दाट. हवेची कड अगदी सरळ रेषेत पुढे सरकली असती तर काहीच नक्षी झाली नसती. पण कुठेतरी ती केसभर पुढे जातेच. जिथे ती पुढे गेली तिथे तिच्यापुढे ढकलायचा रंग कमी राहिला, म्हणून तिथे ती आणखी वेगाने घुसते. शेजारी मागे पडलेली हवा मागेच राहते. पुढे गेलेल्या बोटाचं टोक रुंद झालं की तेच दुभंगतं आणि दोन बोटं होतात. हवेची अशी बोटं चहूकडून घुसत असताना मधला रंग आक्रसत आक्रसत त्यांच्यामधल्या बांधांवर गोळा होतो. आपल्याला झाड दिसतं ते या बांधांचं.

याचं गणित १९५८ साली फिलिप सॅफमन आणि जी. आय. टेलर यांनी मांडलं. प्रश्न चित्रकलेचा नव्हता, तेलविहिरींचा होता. जमिनीखालचं दाट खनिज तेल बाहेर काढायला मागून पाणी सोडावं, तर ते पाणी तेलाला सारखं ढकलत नाही, बोटं काढून मधूनच पलीकडे पोचतं आणि तेल मागे राहतं. कंपन्यांच्या दृष्टीने मोठी कटकट. साँदबाईंनी तिचेच देखावे केले.

‘जो पुढे गेला त्यालाच पुढचं मोकळं’ हा नियम निसर्गात जागोजागी आहे. १९८१ साली टॉम विटन आणि लेन सँडर यांनी तो संगणकावर अगदी उघडा करून दाखवला. मध्ये एक कण ठेवायचा. दुरून दुसरा कण झिंगल्यासारखा भटकत येतो आणि जिथे शिवेल तिथे चिकटतो. मग तिसरा, चौथा, हजारावा. बाहेर आलेल्या टोकांना भटक्या कण आधी सापडतो, आतल्या खोबणीपर्यंत तो पोचतच नाही. म्हणून टोकं वाढत जातात आणि झाड तयार होतं. सपाट पृष्ठभागावर त्याची मिती सुमारे १.७१ येते. कुणीही झाड काढायला सांगितलेलं नसताना.

हे झालं रंगाचं. संगणकाच्या पडद्यावर दिसणारी, आत जावं तितकी उलगडत जाणारी ती सुप्रसिद्ध चित्रं मात्र वेगळ्या खाणीतली आहेत. तिथे रंग नाही, हवा नाही, फक्त एक हिशेब आहे, आणि तो साध्या कॅल्क्युलेटरवर होतो.

एक संख्या घ्या, समजा ०.५. आता शून्यापासून सुरुवात करून प्रत्येक वेळी हातातल्या संख्येचा वर्ग करा आणि त्यात ०.५ मिळवा. ०.५, मग ०.७५, मग १.०६२५, मग सुमारे १.६३, मग ३.१५... उत्तर एकदा २ च्या पलीकडे गेलं की पुढे ते सुसाटच सुटतं, परत फिरत नाही. म्हणजे ०.५ ‘पळाली’, पाचव्या पायरीला. आता ०.२५ घ्या. कितीही वेळ बटणं दाबा, उत्तर ०.५ च्या दिशेने सरकत राहतं, त्याला ओलांडत नाही. ही ‘राहिली’. मधली ०.२६ घेतली तर पळायला सुमारे ३० पायऱ्या लागतात. ०.२५०००१ घेतली तर सुमारे ३१४०. हा आकडा ओळखीचा वाटतो ना? तो ‘पाय’ आहे, वर्तुळाचा ३.१४! वर्तुळाचा इथे दूरान्वयेही संबंध दिसत नसताना तो या अरुंद फटीत दबा धरून बसला होता, आणि १९९१ पर्यंत कुणाच्या लक्षात आला नव्हता. डेव्ह बोल हा अमेरिकी विद्यार्थी भलतंच काहीतरी तपासत होता, त्याला तो सापडला.

खऱ्या चित्रात संख्या एका रेषेवर नसतात, कागदावर पसरलेल्या असतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक संख्या. ठिपक्याचा ‘वर्ग’ करायचा म्हणजे केंद्रापासूनचं त्याचं अंतर त्याच अंतराने गुणायचं आणि कोन दुप्पट करायचा. मग मूळ ठिपक्याइतकं सरकायचं. पुन्हा तेच. जे ठिपके कधीच पळत नाहीत ते काळे रंगवायचे. तयार होतो एक काळा बदामासारखा आकार, त्याला चिकटलेला एक गोल, त्या गोलाला चिकटलेले आणखी गोल, त्यांना फुटलेले केस. हाच मँडेलब्रॉट संच.

याची मुळं पहिल्या महायुद्धापर्यंत जातात. गास्ताँ ज्युलिया हा फ्रेंच गणिती १९१५ साली आघाडीवर जखमी झाला, त्याचं नाक गेलं, आणि उरलेलं आयुष्य तो चेहऱ्यावर चामड्याची पट्टी बांधून वावरला. १९१८ साली त्याने अशाच पुनःपुन्हा करायच्या हिशेबांवर मोठा प्रबंध लिहिला. पिएर फातू त्याच सुमारास स्वतंत्रपणे त्याच प्रश्नाशी झुंजत होता. दोघांनीही आपण ज्याच्याबद्दल लिहितोय ते कधी नीट डोळ्यांनी पाहिलं नाही. एवढा हिशेब हाताने होण्यासारखाच नव्हता. मँडेलब्रॉटच्या हाताशी आयबीएमची यंत्रं होती. १९८० साली त्याने हा आकार छापून पाहिला. पहिल्या छपाया खडबडीत. मुख्य बेटाभोवती बारीक ठिपके सांडलेले, छपाईतली घाण वाटावी असे. पण ती घाण नव्हती. जवळून पाहिलं तर त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे त्याच बदामाची चिमुकली आवृत्ती होती. १९८२ साली आद्रियाँ दुआदी आणि जॉन हबर्ड यांनी सिद्ध केलं की सुटी वाटणारी ही बेटं प्रत्यक्षात सुटी नाहीतच. अतिसूक्ष्म तंतूंनी सगळं एकसंध जोडलेलं आहे. ‘मँडेलब्रॉट संच’ हे नावही या दोघांनीच दिलं.

मग रंग कुठून आले? संच स्वतः काळाच असतो. सगळी आतषबाजी त्याच्या बाहेरच्या, पळालेल्या ठिपक्यांची. कुठला ठिपका कितव्या पायरीला पळाला, तो आकडा यंत्र देतं. ३० ला गेरू आणि ३१ ला मोरपंखी, हे गणितात कुठेही लिहिलेलं नाही. ते माणूस ठरवतो. चौकट कुठे धरायची तेही माणूसच ठरवतो. आणि हा संच इतका अफाट आहे की ज्या कोपऱ्यात तुम्ही थांबाल तो तुमच्याआधी कुणीच पाहिलेला नसण्याची शक्यता चांगलीच असते.

१९८५ च्या ऑगस्टमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ने हा संच मुखपृष्ठावर छापला आणि घरोघरच्या हौशी संगणकवाल्यांना वेड लागलं. पाठोपाठ फ्रॅक्टिंट नावाची फुकट प्रणाली आली. ती लिहिणाऱ्यांनी स्वतःला ‘स्टोन सूप ग्रुप’ म्हणवून घेतलं, दगडाचं सार करणाऱ्या लोककथेवरून. प्रत्येकाने आपल्या घरचं काहीतरी पातेल्यात टाकायचं. त्या काळच्या संगणकांना दशांश चिन्हाचे हिशेब जड जात, म्हणून या मंडळींनी सगळं पूर्णांकांत बसवलं आणि वेग कितीतरी वाढवला. तरीही धीर लागायचाच. नव्वदच्या दशकात एका मित्राच्या घरी आम्ही रात्री चित्र लावून झोपायचो आणि सकाळी उठून बघायचो, तर वरचं अर्धंच उमटलेलं आणि त्याच्या आईने वीजबिलाचा विषय काढलेला.

आता काम फार पुढे गेलं आहे. अमेरिकन संगणकतज्ज्ञ स्कॉट ड्रेव्हजने १९९२ साली ‘फ्लेम’ जातीची, धुराच्या वलयांसारखी फ्रॅक्टल काढली. अल्ट्रा फ्रॅक्टलसारख्या प्रणालीत चित्रावर चित्राचे पारदर्शक थर चढवता येतात, आणि इथे जलरंगवाल्याचे कान टवकारतात, कारण जलरंगाचं सगळं तंत्रच पारदर्शक थरांचं आहे. पिवळ्या पातळ थरावर निळा चढवला की हिरवा दिसतो, पण तो डबीतला हिरवा नसतो, खालून उजेड येत असतो.

स्पष्टच सांगतो, बहुतेक फ्रॅक्टल चित्रं कंटाळवाणी असतात. इंद्रधनुष्याचे सगळे रंग, मधोमध भोवरा, कडेने झालर. औषध कंपनीच्या कॅलेंडरवर शोभावीत अशी. आत जाता येतं म्हणून जात राहायचं, एवढाच त्यांचा विचार असतो. चांगलं काम करणारा चित्रकार तीन-चार रंगांत भागवतो, नक्षीचा मोठा भाग अंधारात ठेवतो आणि डोळ्याला बसायला एक जागा देतो. तसंही यंत्राला तळ असतोच. नेहमीच्या पद्धतीने संगणक पंधरा-सोळा अंकांपर्यंतच अचूक मोजतो. त्यापलीकडे आत शिरायला गेलं की नक्षीचे चौकोनी ठोकळे होतात, आणि आणखी आत जायचं तर वेगळी, संथ पद्धत वापरावी लागते. गणित अनंत असलं तरी चित्र अनंत नसतं.

आता शेजारच्या टेबलावर येऊ.

चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला ‘सपाट वॉश’ आठवत असेल. बोर्ड थोडा तिरका, रंग वरून खाली ओढत आणायचा, कुठेही डाग नको. अर्धवट वाळलेल्या वॉशवर कुंचल्यातून पाण्याचा थेंब पडला की संपलं! तो थेंब पसरताना रंगाचे कण बाहेर लोटत नेतो आणि थांबतो तिथे दातेरी, झिपरी कड सोडतो. इंग्रजीत चित्रकार त्याला चक्क ‘कॉलिफ्लॉवर’ म्हणतात. आमचे ड्रॉइंगचे सर त्याला ‘घाण’ म्हणायचे आणि मार्क कापायचे. पुढे कळलं की ही घाण मुद्दाम कशी पाडायची हे शिकायला लोकांना वर्षं लागतात.

मुद्दाम पाडायची तर वेळ साधावी लागते. कागदावर पाणी चकाकत असताना थेंब टाकला तर तो नुसता विरघळून जातो. पूर्ण वाळल्यावर टाकला तर नुसता ठिपका. चकाकी जाऊन ओल उरलेली असते ती मधली एक-दोन मिनिटंच खरी. त्याच वेळी जाडं मीठ भुरभुरवलं तर प्रत्येक खडा आपल्याभोवतीचं रंगीत पाणी ओढून घेतो आणि वाळल्यावर मीठ झटकलं की चांदण्या उरतात. स्पिरिटचा थेंब टाकला तर रंग दचकून बाजूला होतो आणि डोळ्यासारखं वर्तुळ पडतं.

वाळतानाही गंमत चालूच असते. ओट्यावर सांडलेला चहाचा थेंब वाळला की मधे फिका आणि कडेला गडद का दिसतो? यावर शिकागोच्या रॉबर्ट डीगन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये निबंध लिहिला, कॉफीच्या डागाचं उदाहरण घेऊन. थेंबाची कड पृष्ठभागाला धरून बसते, आक्रसत नाही. कडेला पाणी लवकर उडतं, ती तूट भरायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि जाताना कणही घेऊन जातं. जलरंगाच्या डागाला जी रेखीव, जणू पेन्सिलीने काढलेली कड येते ती अशीच. या निबंधाच्या लेखकांत एक नाव ओळखीचं आहे : टॉम विटन. भटक्या कणांचं झाड वाढवणारा तोच. काही माणसांना डागांचं वेडच असतं.

शाईचं वागणं आणखी वेगळं. लाख घातलेली ड्रॉइंगची काळी शाई एकदा वाळली की पाण्याला दाद देत नाही, म्हणून आधी टाकाने रेघ आणि वर जलरंग असा क्रम लागतो. फाउंटन पेनची शाई उलट, पाणी लागताच सुटते, पसरते, आणि काळ्याच्या पोटातून निळा-गुलाबी रंग बाहेर काढते. टीपकागदावर हा खेळ ज्यांनी केला नाही त्यांचं बालपण थोडं कोरडंच गेलं म्हणायचं. आपल्याकडे या दोन्हींची सांगड जुनी आहे. दांडेकरांच्या कॅम्लिनची सुरुवात १९३१ साली शाईच्या पुडीनेच झाली. रंगाच्या पेट्या नंतर आल्या.

पण डागाचा प्राणी कसा होतो? याचा मूळपुरुष मला तरी युस्टिनुस केर्नर वाटतो. जर्मनीत वाइन्सबेर्गला हा डॉक्टर होता आणि कवीही. बिघडलेल्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचं पहिलं सविस्तर वर्णन १८२० च्या सुमारास त्याने केलं. ज्याचं आज ‘बोटॉक्स’ झालं आहे तेच ते विष. म्हातारपणी त्याची नजर अधू झाली आणि लिहिताना कागदावर शाईचे थेंब पडू लागले. दुसऱ्या कुणी तो कागद फेकून दिला असता. केर्नरने तो मधोमध दुमडला आणि उघडला. दोन्ही बाजू सारख्या, मधे कणा, वर शिंगं. त्याने टाकाने दोन डोळे दिले, थोडे पाय दिले आणि खाली कविता लिहिली. भुतं, फुलपाखरं, राक्षस यांची अख्खी पलटण उभी राहिली. तो १८६२ साली वारला, आणि या डागांचं आणि कवितांचं पुस्तक १८९० साली छापलं गेलं. पुढे हेर्मान रोर्शाखने असेच दुमडीचे डाग मानसशास्त्रात आणले. १९२१ सालची त्याची डागांची दहा कार्डं जगप्रसिद्ध आहेत. शाळेत त्याचं टोपणनाव ‘क्लेक्स’ म्हणजे ‘डाग’ असं होतं, हा योगायोग म्हणायचा की आणखी काही, ते तुम्ही ठरवा.

केर्नरची करामत किती कमी रेघांत आहे ते बघण्यासारखं आहे. दुमडीने शरीर दिलेलंच असतं, तो फक्त त्याला नजर देतो. अशा कामात नवशिका हमखास चुकतो तो इथेच. डोळे दिले, मग भुवया, मग टोपी, मग टोपीला पीस, आणि शेवटी डाग बिचारा गुदमरून मरतो. फ्रॅक्टलवाल्याचा भोवऱ्यात आत आत जात राहण्याचा मोह आणि शाईवाल्याचा पिसाचा मोह, एकच जात.

अलीकडे ही दोन टेबलं खरोखरच एकमेकांना चिकटवली ती अकिको नाकायामा या जपानी कलावतीने. प्रेक्षकांसमोर ती द्रवांशी खेळते आणि कॅमेऱ्यातून ते मोठ्या पडद्यावर दिसतं. आपल्या प्रयोगांना ती ‘अलाइव्ह पेंटिंग’ म्हणते. तिच्या एका तंत्रात अॅक्रिलिक रंगाच्या पातळ थरावर अल्कोहोल मिसळलेल्या शाईचा थेंब पडतो आणि बघता बघता त्याला प्रवाळासारख्या फांद्या फुटतात. ओकिनावातल्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेतले सान तो चान आणि एलियट फ्रीड यांनी त्यावर अभ्यास केला. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला.

त्यातलं अर्धं कारण स्वयंपाकघरात तपासता येतं. ताटलीत पाणी घ्या, वर मिरपूड भुरभुरवा आणि साबण लावलेलं बोट मधे टेकवा. पूड सैरावैरा कडेला पळते, कारण साबणाने मधला पृष्ठताण कमी केला आणि बाहेरचं जास्त ताणाचं पाणी सगळं आपल्याकडे ओढून घेतं. शाईतलं अल्कोहोल हेच करतं. उरलेलं अर्धं कारण खालच्या रंगात आहे. हा रंग टोमॅटो सॉससारखा असतो. स्वस्थ असला की घट्ट, ढकलला की पातळ. एखादी फांदी जरा पुढे सरकली की तिच्याखालचा रंग सैल होतो आणि तिला आणखी पुढे जाणं सोपं पडतं. पुन्हा तोच, पुढे गेलेल्याला मोकळी वाट देणारा नियम. साँदबाईंच्या कागदावरचा.

आता फ्लॉवरच्या चुऱ्याकडे. फ्रॅक्टल म्हणून काय मोजायचं यावर कलेच्या जगात एक चांगलंच भांडण झालं आहे. १९९९ साली रिचर्ड टेलर या भौतिकशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह ‘नेचर’मध्ये दाखवलं की जॅक्सन पोलॉकची रंग ठिबकवून केलेली चित्रं फ्रॅक्टल आहेत आणि वर्षागणिक त्यांची मिती वाढत गेली. २००६ साली कॅथरीन जोन्स-स्मिथ आणि हर्ष माथुर यांनी त्याच नियतकालिकात उलटतपासणी घेतली : मोजणी फारच थोड्या पायऱ्यांपुरती आहे, आणि या कसोटीला पोरकट चांदण्यांची गिरगटही उतरते. टेलरने मग आपली बाजू मांडली. मला यात जोन्स-स्मिथ-माथुर यांचं पटतं. कागदावरचा प्रत्येक डाग दोन-तीन पायऱ्या आत गेल्यावर कागदाच्या तंतूंवर आपटतो आणि थांबतो. एवढ्यावर ‘मिती’ सांगून चित्र खरंच पोलॉकचं की बनावट ते ठरवायला निघणं म्हणजे फ्लॉवरचा चुरा पाहून शेत ओळखण्यासारखं आहे.

आपल्या कारागिरांना हे थांबणं चांगलं ठाऊक होतं. सिन्नरचं गोंदेश्वराचं देऊळ भूमिज शैलीतलं. त्याच्या शिखरावर खालपासून वरपर्यंत छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा चढत जातात आणि मोठं शिखर त्या छोट्यांचंच झालेलं असतं. पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्राचे कीर्ती त्रिवेदी यांनी १९८९ साली हिंदू मंदिरांच्या रचनेतला हा फ्रॅक्टल गुण उलगडणारा निबंध लिहिला. पण पाथरवटाने लहान शिखरावर आणखी लहान, त्यावर आणखी लहान, असं करत नेलं नाही. छिन्नीला आणि खालून बघणाऱ्याच्या डोळ्याला जेवढं झेपतं तेवढ्यावर तो थांबला.

हे सगळं वाचून हात शिवशिवत असतील तर सामान फारसं लागत नाही. जुन्या सीडीचं प्लास्टिकचं कव्हर उघडून त्याचे दोन सपाट भाग घ्या. एकावर चमचाभर दाट पोस्टर कलर ठेवा, सायीइतका दाट, पाणी अगदी बेताचं. दुसरा भाग वर ठेवून रंग पसरेपर्यंत दाबा. मग सरकवू नका, फिरवू नका, एका कडेने सरळ वर उचला. झाड उमटलेल्या भागावर लगेच कागद हलकेच टेकवून ठसा घ्या. पहिला ठसा बहुधा गिचमिड येतो, तिसऱ्या-चौथ्यापासून हात बसतो. त्यात कुणी दिसलंच, घुबड म्हणा, आजोबा म्हणा, तर डोळे काढायची घाई करू नका. ओल्या रंगावर शाई पसरते.